भिंतीवरची खूण

पहिला दिवस : बगदाद

दुबईहून बगदाद अडीच तासांवर. लेक दुबईत नोकरी करते, सगळी जमवाजमव तिनेच केली. मी फक्त कुठे जायचं ते सांगितलं होतं. उरुक, ऊर आणि दलदलीचा मुलूख. बाकी वाटेत येईल ते.

मी सांगलीचा. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, म्हणजे अर्धं आयुष्य नदीची पातळी लिहिण्यात गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मी निवृत्त होतो आणि पाणी माझ्याच घरात होतं. पाणी ओसरल्यावर हिने बैठकीच्या भिंतीवर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. घराला नंतर रंग दिला, पण तेवढा पट्टा तिने पेंटरला सोडायला लावला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून त्या पट्ट्याकडे बघत बसायची मला सवय लागली.

झोप येत नसे त्या दिवसांत लेकीने गिलगामेशचं, म्हणजे इराकातल्या प्राचीन महाकाव्याचं, इंग्रजी भाषांतर पाठवलं. गिलगामेश हा उरुकचा राजा. त्याचा जिवाभावाचा मित्र एन्किडू आजारी पडून मरतो. गिलगामेश सहा दिवस आणि सात रात्री त्याचं प्रेत सोडत नाही. नाकातून किडा गळून पडतो, तेव्हा कुठे तो पुरायला देतो. मग मरणाच्या धास्तीने रानोमाळ भटकतो आणि जगाच्या टोकाला जाऊन महापुरातून वाचलेल्या एकमेव माणसाला गाठतो, कारण देवांनी अमर केलेला माणूस तोच. तो किडा वाचून मी पुस्तक मिटलं होतं. चार दिवसांनी पुन्हा उघडलं, आणि मग सोडलं नाही.

दुपारी इराक म्युझियम. वार्काची दगडी सुरई बघायची होती. मीटरभर उंच, पाच हजार वर्षांची. २००३ च्या लुटीत तीही गेली होती. त्याच जूनमध्ये लोकांनी ती गाडीच्या डिकीतून तुकड्यांत आणून परत दिली. सांधे दिसतात. तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी कोरीवकाम आहे. वर देवी आणि देवळातला नजराणा, खाली टोपल्या वाहणारी माणसं, त्याखाली मेंढरं, त्याखाली पिकाचे दांडे आणि सगळ्यांत तळाला पाण्याची नागमोडी रेघ. सगळं जग त्या रेघेवर उभं केलंय. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या खात्याचा पट्टा सगळ्यांत खाली." मी म्हटलं, पाया म्हणतात त्याला.

दुसरा दिवस : नजफ

बाबिलोन वाटेत होतं. भिंती बऱ्याचशा नव्याने उभ्या केलेल्या, विटा कोऱ्या. तासाभरात निघालो.

नजफला वादी अस्सलाम ही कबरस्तानाची नगरी आहे. चौदाशे वर्षं इथे सलग दफनं होताहेत, जगातल्या सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी ही एक. नजर जाईल तिथवर विटांच्या, गिलाव्याच्या कबरी दाटीवाटीने. काहींवर तरुण पोरांचे फोटो. लांबलांबच्या गावांहून लोक आपलं माणूस गाडीच्या टपावर बांधून इथे आणतात. आमच्यासमोरच एक गाडी थांबली. चार जण उतरले, आणि घाई अजिबात नाही. एका म्हातारीने कबरीवर तळहाताने पाणी फिरवलं, जसं लहान पोराचं तोंड पुसावं तसं.

आमचा ड्रायव्हर नासिरियाकडचा, चाळिशीतला. मला वयामुळे "हज्जी" म्हणतो. इथे सगळ्या वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. त्याला नूहचा पूर कुराणातून ठाऊक. मी त्याला मनूचा मासा सांगितला. शतपथ ब्राह्मणातली मूळ गोष्ट अगदी साधी आहे. मनू सकाळी हात धुवायला पाणी घेतो, तर ओंजळीत इवलासा मासा. तो म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. मासा घागरीतून खड्ड्यात, खड्ड्यातून समुद्रात जातो. पूर येतो, मनू नावेची दोरी माशाच्या शिंगाला बांधतो आणि उत्तरेच्या डोंगरावर जाऊन लागतो.

ड्रायव्हरने विचारलं, "पूर का आला? लोकांनी पाप केलं होतं?"

शतपथात कारणच दिलेलं नाही, असं मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प गाडी चालवत राहिला.

इथल्याच पुराच्या दुसऱ्या एका जुन्या काव्यात, अत्रहसीसच्या काव्यात, कारण आहे, आणि ते वाचून मी चकित झालो होतो. माणसं फार वाढली, त्यांच्या गलक्याने एन्लिल देवाची झोप मोडली. एवढंच. पुरानंतर देव तह करतात तोही भयंकर. यापुढे काही बायका वांझ राहतील, काही तान्ही बाळं दगावतील, म्हणजे गर्दी होणार नाही. ज्यांनी हे रचलं त्यांच्या घरात पाळणे रिकामे झालेले असणार. त्यांनी त्या दुःखाला पापाचं नाव दिलं नाही, दुनियेची व्यवस्था म्हणून मांडलं. मला ते जास्त सच्चं वाटतं.

तिसरा दिवस : उरुक

समावाहून पहाटे निघालो. वार्का, म्हणजे जुनं उरुक, तिथून तासाभराच्या आत येतं. आधी सपाट खारं माळरान, मग लांबवर मातीची टेकाडं. राखणदाराने फाटक उघडलं. आमच्याखेरीज कुणीही नाही.

पहिल्या पावलापासून खापरं करकरतात. जमीन दिसतच नाही इतकी खापरं. मधूनच बोटाएवढे मातीचे शंकू पडलेले. हे शंकू भिंतीत ठोकून त्यांच्या रंगीत डोक्यांची नक्षी करायचे. लेकीने एक उचलला, बघितला आणि जिथला तिथे ठेवला. पृथ्वीवरचं सर्वांत जुनं लिखाण याच टेकाडांतून निघालं, इसवी सनपूर्व ३३०० च्या आसपासचं, आणि ते बरंचसं जवाचे आणि बिअरचे हिशेब आहेत. मस्टर आणि स्टॉक रजिस्टर लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसाला ते वाचून भरून येतं.

एअन्ना या देवळांच्या आवारातल्या झिगुराटपाशी, म्हणजे टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेल्या विटांच्या मनोऱ्यापाशी, मी बराच वेळ बसलो. चार हजार वर्षांपूर्वीचं काम, कच्च्या विटांचे थर, आणि ठरावीक थरांनंतर बोरूच्या चटया घातलेल्या, बांधकाम एकसंध राहावं म्हणून. आम्ही भरावात जाळ्या घालतो तोच विचार. पावसाने माती झिजली आणि चटयांच्या कडा बाहेर आल्या आहेत. अजून. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक काडी वेगळी दिसत होती, उभ्या रेषा, मधली गाठ, तुटलेल्या टोकाचे तंतू. कुणीतरी ती विळ्याने कापली, वाळवली, विणली. मला हात लावायचा धीर झाला नाही.

काव्यात एक ओळ आहे, माणूस वेताच्या बेटातल्या बोरूसारखा मोडला जातो. उतनपिश्तिम, तो पुरातून वाचलेला म्हातारा, गिलगामेशला सांगतो : मरणाचं तोंड कुणी पाहत नाही, मरणाचा आवाज कुणी ऐकत नाही, आणि तरी ते येऊन माणसाला मोडून टाकतं. आपल्याला लहानपणापासून पाठ आहे की महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात. आपला लव्हाळा वाकतो म्हणून उरतो, त्यांचा बोरू मोडतो. पाण्याकाठच्या गवताकडे बघून दोन नदीकाठच्या लोकांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. दोन्ही खऱ्या. पण हिच्या आजारपणात मला वाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, मोडतं हे कुणी बोललं नाही.

दुपारी तटावर चढलो. तट म्हणजे आता मातीचा उंचवटा, पण त्याचा घेर नऊ किलोमीटरच्या वर आहे. याहून जुन्या, सुमेरी भाषेतल्या गोष्टीत गिलगामेश ह्याच तटावरून खाली डोकावतो. नदीतून प्रेतं वाहत चाललेली असतात. तो म्हणतो, मीही असाच होणार. आम्ही डोकावलो तेव्हा नदी नव्हती. फरात, म्हणजे युफ्रेटिस, कधीच पात्र बदलून दूर गेली. खाली तिचा कोरडा वळसा तेवढा दिसतो, खारवटलेला, पांढुरका. गिलगामेशच्या मरणाचंही एक सुमेरी काव्य आहे. त्यात लोक फरातचं पाणी वळवतात, उघड्या पडलेल्या पात्रात त्याची दगडी कबर बांधतात आणि पाणी पुन्हा वर सोडतात. बंधारा घालून पात्र कोरडं करणं किती कष्टाचं काम असतं ते मला माहीत आहे. तेवढं काम करून माणसांनी आपला राजा पाण्याखाली ठेवला.

उतरताना जमीन भुसभुशीत होती. लेकीने माझा हात धरला.

अमरपणाच्या शोधात निघालेल्या गिलगामेशला वाटेत समुद्रकाठी मद्य विकणारी सिदुरी भेटते. मातीच्या एका जुन्या बाबिलोनी पाटीत ती त्याला म्हणते : जे शोधतोयस ते मिळायचं नाही. पोट भर, नाच, कपडे स्वच्छ ठेव, डोकं धू, हात धरून चालणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला मिठीत घे. माणसाच्या वाट्याचं काम हे आहे. पुढच्या काळात ज्याने काव्याचं मोठं, बारा पाट्यांचं रूप सिद्ध केलं त्याने हा उपदेश गाळला. का गाळला असेल ते मला कळत होतं. नुकतंच माणूस गेलेल्याला हे ऐकवत नाही. दोन वर्षांपूर्वी कुणी मला डोकं धुवून कपडे बदलायला सांगितलं असतं, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

हात मी गाडीपर्यंत सोडला नाही.

चौथा दिवस : ऊर

नासिरियाजवळचं ऊर. इथला झिगुराट ऐंशीच्या दशकात डागडुजी केलेला, दर्शनी भाग नवा, पण पाया आणि मधलं धूड जुनं. साधारण ६४ बाय ४६ मीटरचा तळ. भाजलेल्या विटांचे सांधे डांबराने भरलेले, आणि भिंतींत ओळीने चौकोनी भोकं. आतलं पाणी बाहेर पडायला ठेवलेले वीप होल! कृष्णेच्या घाटावरच्या संरक्षक भिंतीत आम्ही हेच ठेवतो. मी ड्रायव्हरला एकेक भोक दाखवत सुटलो. तो बिचारा दरवेळी मान डोलवत होता.

लिओनार्ड वूली या ब्रिटिश उत्खननकाराने १९२८–२९ च्या मोसमात इथे खोल खड्डा घेतला. खापरं संपली आणि निव्वळ गाळ लागला. मजूर म्हणाले, तळ लागला. त्याने मोजमाप घेतलं, तळ इतक्या वर असायचं कारण नव्हतं. आणखी खणायला लावलं. आठ फूट, काही ठिकाणी अकरा फूट स्वच्छ गाळ, आणि त्याखाली पुन्हा माणसांची भांडी. त्याने सोबतच्या दोघांना विचारलं, त्यांना सुचेना. मग बायकोला, कॅथरीनला विचारलं. तिने बघितलं आणि जाता जाता म्हणाली, हा तर महापूर.

जगभर बातमी झाली. पुढे शुरुप्पाक, किश अशा इतर ठिकाणीही गाळाचे थर मिळाले, पण त्यांच्या तारखा जुळेनात. शुरुप्पाक हे काव्यातल्या उतनपिश्तिमचं गाव, तिथला थर इसवी सनपूर्व २९०० च्या आसपासचा. ऊरचा त्याहून बराच जुना. म्हणजे सगळं जग बुडवणारा एक पूर नव्हे, गावोगावचे वेगवेगळे पूर. मला यात नवल वाटलं नाही. गाळ खोटं बोलत नाही, पण तो आपल्याच वळणापुरतं बोलतो. सांगलीचा गाळ मिरजेचं काही सांगत नाही.

रात्री मुक्कामावर लेकीशी वाद झाला. तिचं म्हणणं, मनूची गोष्ट इथूनच गेली असणार, व्यापार होताच. इथल्या राजघराण्याच्या कबरींत सिंधूकडच्या लाल अकीकाचे मणी निघालेत, ते पहिल्या दिवशी बगदादला आम्ही पाहिले होते. मला तसं पटत नाही. बायबलमधला नोआ, म्हणजे ड्रायव्हरचा नूह, आणि उतनपिश्तिम यांचं नातं निर्विवाद आहे. दोघेही डोंगरावर टेकल्यावर पक्षी सोडतात. उतनपिश्तिम पारवा, भिंगरी आणि कावळा सोडतो, नोआ कावळा आणि पारवा. दोघांच्या होमाचा वास देवापर्यंत जातो. इतके बारकावे दोन ठिकाणी आपोआप जुळत नाहीत. मनूच्या गोष्टीचा कणा मात्र वेगळा आहे. तिथे आधी माणूस माशाला वाचवतो, मग मासा माणसाला. देवांचं भांडण नाही, पक्षी नाहीत. नदीकाठी राहणाऱ्याला पूर शिकायला परदेशी जावं लागत नाही. लेक म्हणाली, "तुम्ही खात्याची बाजू घेताय." असेल.

पाचवा दिवस : चिबायिश, दलदलीचा मुलूख

सकाळी माशूफमध्ये बसलो. लांब, निमुळती होडी, मागे छोटं इंजिन. दोन्ही बाजूंना बोरूच्या भिंती, डोक्यापेक्षा कितीतरी उंच. मधूनच म्हशी फक्त शिंगं आणि नाकपुड्या वर ठेवून पाण्यात. यांना ते जामूस म्हणतात.

हा सगळा मुलूख नव्वदच्या दशकात सरकारने कालवे आणि बांध घालून कोरडा केला, इथल्या बंडखोर लोकांना हुसकायला. दहा टक्केही पाणी उरलं नव्हतं. २००३ नंतर लोकांनी फावड्यांनी, यंत्रांनी स्वतः बांध फोडले आणि पाणी परत आलं. २०१६ मध्ये ऊर, उरुकसोबत हाही प्रदेश जागतिक वारशात गेला. आता वरची धरणं आणि दुष्काळ यांनी पुन्हा ओढ लागली आहे. होडीवाल्याने बोरूच्या बुंध्यावरचा पाण्याचा जुना डाग दाखवला, कमरेइतका वर. त्या कोरड्या केलेल्या मुलखाचे नकाशे माझ्यासारख्याच कुणी इंजिनिअरांनी काढले असतील, लेव्हल बरोबर धरून, स्वच्छ अक्षरात. तो विचार दिवसभर टोचत राहिला.

दुपारी मुधीफमध्ये होतो. मुधीफ म्हणजे पाहुण्यांची ओसरी. बोरूच्या जाड जुड्या वाकवून केलेल्या कमानी, बोरूच्याच चटया, खिळा एकही नाही. भिंतीतून ऊन झिरपत होतं. इथे बसल्यावर पुराच्या गोष्टीतला एक प्रसंग एकदम उलगडला. देवांनी शपथ घेतलेली असते की पुराचं माणसांना सांगायचं नाही. एआ देवाला तर आपला माणूस वाचवायचाय. म्हणून तो माणसाला सांगत नाही, कुडाला सांगतो. "कुडा, कुडा! भिंती, भिंती! ऐक. घर मोड, होडी बांध, मालमत्ता सोड, जीव वाचव." पलीकडे उतनपिश्तिम असतो. अशा कुडातून कुजबूज सहज ऐकू येते. बाहेर दोन बायका बोलत होत्या, शब्दन् शब्द आत येत होता.

त्यांतली एक तंदूरपाशी भाकरी लावत होती. ओला हात, पिठाचा गोळा, तंदूरच्या आतल्या भिंतीवर एक थाप. आम्हाला गरम भाकरीवर गेमर वाढलं, म्हशीच्या दुधाची जाड साय. मी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली हातात धरून बसलो.

उतनपिश्तिम गिलगामेशला म्हणतो, मला अमर करायला देव एकदा जमले होते, तुझ्यासाठी पुन्हा कोण जमवणार? अमर व्हायचंय ना, मग आधी सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव. गिलगामेश बसल्या जागी झोपतो. उठल्यावर तो झोपलोच नाही म्हणणार, हे म्हाताऱ्याला माहीत असतं. म्हणून तो बायकोला सांगतो, रोज एक भाकरी भाजून याच्या उशाशी ठेव आणि भिंतीवर दिवसाची खूण कर. सातव्या दिवशी जाग येते तेव्हा पहिली भाकरी वाळून कडक झालेली असते, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथीवर पांढरं आलेलं, पाचवीला बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यावर. त्या बाईला काव्यात नावही नाही. जगातलं सर्वांत मोठं सत्य एका राजाला तिने शिळ्या भाकरींनी दाखवून दिलं, आणि भिंतीवरच्या खुणांनी.

लेकीने विचारलं, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, "आईची रेघ आठवली." ती पुढे काही बोलली नाही. तिनेही तेच वाचलेलं होतं.

परतताना एक चतुर होडीच्या कडेवर येऊन बसला. पारदर्शक पंख, त्यात काळ्या शिरांची जाळी, डोळ्यांत ऊन. काव्यात शब्द आहे कुलीलु. कुणी त्याचा अर्थ चतुर करतात, कुणी एक दिवस जगणारी पाणमाशी. नदी चढते, पूर येतो, कुलीलु पाण्यावर तरंगत जातो, सूर्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग एकाएकी काहीच नसतं. ज्याने प्रत्यक्ष पूर पाहिला त्याच्या, उतनपिश्तिमच्या तोंडी ही ओळ घातली आहे. होडीवाल्याने इंजिन सुरू केलं, चतुर उडाला.

सहावा दिवस : बसऱ्याच्या वाटेवर

नासिरिया–बसरा रस्त्यालगत पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचं. मराठा पलटणी इथे होत्या. तैग्रिसकाठच्या कूत गावाच्या वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन पुण्याचीच. गोऱ्या सैनिकांची नावं दगडावर आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांपुढे पलटणीचं नाव आणि आकडा.

गिलगामेश देवदारांच्या रानात राक्षसाशी झुंजायला निघतो ते नाव मागे राहावं म्हणून. मरण टळत नसेल तर नाव तरी. आणि इथे साताऱ्या-सांगलीकडची पोरं, ज्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात गमावलेल्या ४६ जणांचं स्मारक गावात आहे, ते मी पाहिलेलं आहे. दगड तिकडेही छोटाच, पण तिथे त्यांना ओळखणारं गाव आहे. मी मोठ्याने, मराठीत, एकेका पलटणीचा आकडा वाचला. मला तेवढंच करता आलं.

सातवा दिवस : परत

शेवटी गिलगामेशला पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळते. वाटेत तो थंड तळ्यात अंघोळीला उतरतो आणि साप ती पळवतो, जाताना कात टाकून जातो. गिलगामेश बसून रडतो. मग रिकाम्या हातांनी उरुकला पोचतो आणि बरोबरच्या नावाड्याला म्हणतो : तटावर चढ, चालून बघ, पाया तपास, विटा बघ, भाजलेल्या आहेत की नाहीत.

सांगलीला रात्री पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप काढला. रेघ जमिनीपासून चार फूट सात इंच. ते वहीत लिहिलं, तारखेसकट, तिच्याच अक्षरासारखं जमेल तसं. मग पेंटरला फोन केला आणि या वेळी भिंत अख्खी रंगवायला सांगितली.